दोन्ही वायरी

आधीच माफी मागतो. मी नववीतच शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि भारी शब्द मला येत नाहीत. हातात पाना असला की माझं बरं चालतं, पेन धरला की घाम येतो. पण हे तोंडानं सांगायला गेलो की मी मधेच गप्प होतो. म्हणून लिहितो.

मी रुपेश. सिंदी मेघेला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. माझी बहीण काजल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिला प्रोजेक्टसाठी विजेचा वापर मोजणारं साधं मीटर बनवायचं होतं. तांब्याच्या तारेची एक कॉइल, एक छोटं बोर्ड, त्यावर आकडे दाखवणारी बोटभर स्क्रीन. कॉइलमधून वायर नेली की किती वॅट चालू आहे ते दिसतं. कॉइल मी गुंडाळली, बाकी डोकं तिचं.

आमच्या घरची वायर भिंतीत दबलेली. उघड्या पट्टीवरची वायर आणि दर खोलीचा वेगळा फ्यूज गल्लीत फक्त किसनराव काकांकडे. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही मीटर तपासायला त्यांच्याकडे गेलो. त्या वेळी रस्त्यावर कोणी नसतं. दारं बंद, पडदे ओले, घराघरातून कूलरची घरघर. फक्त काकांचं घर गप्प होतं. मागच्या मे महिन्यात अन्नपूर्णा काकू तिथेच, मागच्या खोलीत, कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून गेल्या. कूलर भंगारात गेला. खिडकीची चौकट तेव्हापासून मोकळीच आहे.

"काऊन बे रुपेश, रस्ता चुकला का?" काका खाटेवरून म्हणाले.

"काजलचं प्रोजेक्ट आहे काका. तुमच्याकडे मीटर लावून पाहायचं होतं."

"लाव ना. पण माह्या घरी मोजाले हाये काय? एक पंखा अन् एक बल्ब. उपाशी मरन तुमचं मीटर."

काजल हसली. समोरच्या खोलीची वायर कॉइलमधून नेली. पंखा लावला, सत्तर. बल्ब लावला, आकडा बरोबर वाढला. तिनं आनंदानं माझ्या पाठीत बुक्की मारली. मग मी स्टुलावर चढून मागच्या खोलीची लाइन कॉइलमध्ये घातली.

एकशे ऐंशी.

"काका, मागं काय चालू आहे?"

"काईच नाई."

काजल वर पाहत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दादा... तू दोन्ही वायरी घातल्या."

घाईत माझी चूक झाली होती. कॉइलमधून एकच वायर न्यायची असते. दोन्ही नेल्या तर जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात, आणि घरात काहीही चालू असलं तरी शून्यच दिसतं. इथं एकशे ऐंशी दिसत होतं. म्हणजे त्या खोलीत जे जात होतं, ते वायरीतून परत येत नव्हतं. कशातून तरी जमिनीत उतरत होतं.

करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जातो तेव्हा असा आकडा येतो.

मी फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. लाइनवर काम करताना फ्यूज खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कोणी लावत नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. खाली पाहिलं. एकशे ऐंशी. मेन स्विच पाडला. पंखा हळूहळू थांबला. काजलचं बोर्ड बॅटरीवर होतं, ते चालूच राहिलं. एकशे ऐंशी.

पंखा थांबल्यावर ऐकू आलं. मागच्या खोलीतून, घरघर... मधूनच टिनाचा थरथराट. आणि दाराखालून ओल्या वाळ्याचा गार वास.

काका उठले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी भरलेली बादली उचलली. "टाकी रिकामी झाली तिची. आवाज बदलला का पाणी टाका लागते."

"काका, नका जाऊ. आत करंट आहे."

"कूलरच नाई, तं करंट कायचा?"

 तो कूलर मीच बसवून दिला होता. बोर्डावर तीन पिनची जागा नव्हती, म्हणून मी अर्थिंगची वायर, गळालेला करंट जमिनीत नेणारी, कापून दोन पिनचा प्लग लावला. सगळे तसंच करतात. वर्षभर मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"काका... ती अर्थिंग मी..."

"मले मालूम हाये," काका म्हणाले. दाराशी ते थांबले. "तिलेबी मालूम हाये."

ते आत गेले. आतून कडी लागली.

दोनशे चाळीस. तीनशे दहा. दाराला लोखंडी पट्ट्या होत्या. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला. काजल रडत "काका, काका" म्हणत होती. रिकाम्या टिनाच्या टाकीत पाणी पडतं तसा आवाज आला... पोकळ, मग भरत गेलेला. चारशे. काढायला फ्यूज उरला नव्हता, पाडायला स्विच उरला नव्हता. मी नुसता आकडा पाहत उभा होतो.

मग शून्य.

किती वेळानं कडी निघाली ते सांगता येत नाही. काका बाहेर आले. हातावरचे केस ताठ, ओठ निळे. बादली रिकामी, आणि त्यांच्या मागची फरशी कोरडी ठणठणीत.

"रोज जाता?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. उद्याबी याले सांगतलं तिनं." ते खाटेवर बसले. "हात लय दुखते आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी पहार घेऊन त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. खिडकीखाली अर्थिंगसाठी खड्डा खणला, पाइप ठोकला, मीठ आणि कोळसा भरला. पाइपाला हिरवी वायर कसून तिचं सोललेलं टोक मोकळ्या चौकटीतून आत सोडलं. ते फरशीवर पडलं. बांधायला तिथं काही नव्हतं. मी खड्ड्यात पाणी ओतायला वाकलो.

"कशाले बांधली?" काका बादली घेऊन मागं उभे होते.

"कशालाच नाही, काका. नुसती सोडली."

काका खिडकीकडे वळले. चौकटीकडे पाहत राहिले. म्हणून मीही पाहिलं.

वायर फरशीवर नव्हती. चौकटीतून आत कमरेइतक्या उंचीवर ती ताणून गेली होती, आणि तिच्या टोकाला, मोकळ्या हवेत, कूलरच्या अर्थिंगच्या स्क्रूभोवती देतात तसे दोन घट्ट वेढे पडले होते.

मी ती ओढून पाहिली नाही. काका आत जायला निघाले. या वेळी मी त्यांना अडवलं नाही.