दोन मेची ऑर्डर

"ओ बँजोवाले! माझा प्लग कोणी काढला?"

अक्षयशी मी पहिल्यांदा बोलले ते हे असं. धसईला एका लग्नात नवरीचा मेकअप करत होते. एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरडा, आणि फट्कन माझा दिवा गेला. तरातरा मांडवात आले तर हा बाबा स्पीकरवर वाकून आपल्या वायरी जोडतोय! कुरळे केस, कपाळावर घाम... आणि वर बघून असा हसला, की पुढची शिवी माझ्या तोंडातच राहिली.

"चुकलं मॅडम. पण मेकअप नसला तरी लग्न लागतं. बँजो नसला तर वरात हलत नाय."

"आणि नवरी बाहेरच आली नाय, तर नाचवणार कोणाला?"

"तुमी या ना बाहेर," तो हळूच म्हणाला.

अगो बाई! एवढा आगाऊपणा! रागवायचं म्हणून रागावले खरी, पण दुसऱ्या डोळ्यात काजळ घालताना माझं लक्ष खिडकीबाहेरच होतं.

मी किन्हवलीची, तो धसईचा. लग्नसराई सुरू झाली की दोघांनाही श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यामुळे आमचं प्रेम जमलं ते सगळं दुसऱ्यांच्या मांडवात. बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवता वाजवता तो मान उंचावून मला शोधायचा; नवरीच्या केसांत पिना खोचता खोचता मी खिडकीतून बघायची. पंगतीत शेजारी बसलो, की याचा भात अर्धा होतो न होतो तोच हाक, "अक्षय, वरात निघाली रे!"

दोघंच असे एकदाच फिरायला गेलो, तानसा तलावावर. पाण्यावरून गार वारा येत होता. त्यानं माझा हात हातात घेतला, "रंजू, मला ना..." म्हणाला, आणि फोन वाजला. माझा हात सोडून त्यानं ऑर्डर घेतली! बरं, पुढं काय म्हणायचं होतं ते विसरूनही गेला. नाही म्हणायला जीभच दिली नाही देवानं या माणसाला.

तरी आमचं लग्न ठरलं. दोन मे. त्या तारखेला माझ्या मेकअपला मागणी म्हणजे विचारू नका, पण एकेकीला हात जोडून नाही म्हटलं. जिवावर आलं, तरी म्हटलं.

परवा मुरबाडला प्रियांका नावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. तिचंही लग्न दोन मेलाच. ओठांना लिपस्टिक लावत होते तर ती लटक्या रागानं म्हणाली, "तुमी नाय म्हणालात ना ताई, पण बँजोवाला कसा लगेच हो बोलला! धसईचा अक्षय. हळदीला पण तोच, वरातीला पण तोच."

माझा हात जो सटकला तो लिपस्टिक थेट तिच्या गालावर!

"कोण अक्षय?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"तो गो, कुरळ्या केसांचा."

मी गारच पडले. माझा नवरा माझ्या लग्नाच्या दिवशी दुसरीच्या वरातीत वाजवणार? मग अंतरपाटाच्या पलीकडं कोण? त्याचा की-बोर्ड?

तिचं कसंबसं आवरून स्कूटी काढली ती थेट धसईचा बाजार गाठला. बँजो पार्टीचे मालक वाळूकाका टेम्पोत सामान भरून घेत होते, अक्षय खाली स्पीकर पुसत होता.

"दोन मेला कुठं हायस रे तू?"

"दोन मेला ना? मुरबाडला ऑर्..." आणि तो थांबला. चेहरा पांढराफटक. फडकं हातातून गळून पडलं. "आयला... रंजू... काका विचारत होते, गडबडीत मी हो बोललो गो..."

वाळूकाकांनी कपाळावर हात मारला. मला रडू येत होतं आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

"काम कर रे! मी काय काम सोड म्हणते? पण स्वतःच्या लग्नाला तरी सुट्टी घेशील का नाय?"

"एकदा नाय म्हटला ना," तो खाली बघत पुटपुटला, "तर लोक विसरतात. मग कोण बोलवतंय आपल्याला?"

आता बोला! एवढं वाजवणारा हा... आणि मनात ही भीती? माझा राग कुठल्या कुठं गेला. तरी मी हटले नाही.

"लाव फोन. आत्ता."

त्यानं प्रियांकाच्या वडिलांना फोन लावला. त त प प करत सगळं सांगितलं. मी श्वास रोखून उभी. आता शिव्या येणार...

"हात्तिच्या!" पलीकडून आवाज आला. "वाजवायला कोणीतरी येईल ना? मग झालं की! तुझ्या लग्नाला शुभेच्छा रे."

फोन कट. अक्षय आ वासून माझ्याकडं बघत राहिला.

"कोणीतरी? रंजू... त्यांना कोणीपण चालतं?"

त्याचा तो पडलेला चेहरा बघून मी तोंडाला येईल ते बोलून गेले.

"त्यांना चालू दे! माझ्या शेजारी मला कोणीपण नाय चालायचं. तूच पायजे. कळलं का रे माणसा, मला तूच पायजे!"

बाई बाई बाई! हे मी बोलले? भर बाजारात? टोमॅटो मोजणारी बाई तागडी धरून तशीच थांबली. वाळूकाका दुसरीकडं बघून खोकू लागले. माझे कान तापले होते.

अक्षय मटकन स्पीकरवर बसला. डोळे भरले होते त्याचे.

"येतो गो," तो म्हणाला. "पण... लग्नात नुसतं बसतात कसं? मी कधी बसलोच नाय."

"मी तरी कुठं बसलेय?" मी डोळे पुसले. "सरक जरा."

तो सरकला. सगळा बाजार बघत होता, बघू दे. वाळूकाकांनी एकट्यानंच उरलेलं सामान टेम्पोत चढवलं, आणि आम्ही दोघं तिथं नुसते बसून राहिलो.