तळ्यातला घरजावई

"अहो, हे काय करून बसलात!"

ओतूरजवळच्या त्या शेततळ्याच्या काठावर वृषालीनं कपाळाला हातच लावला. वरून श्रावणातली भुरभुर, हातात रिकामी बाटली, आणि समोर पाणी कसं... तळ दिसेल इतकं नितळ!

तळ्याचा धनी गोरख मात्र खुशीत होता. "तुमी फोनवर म्हनलात ना, तळं बघायला येते? पावणं यायचं म्हनून मोरचूद टाकला, समदं शेवाळ मारलं. लई घान व्हतं!"

"मी ती घाणच बघायला आले होते!"

पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसं या बाबानं तळं झाडलं होतं. रडावं की हसावं, वृषालीला कळेना. मागे त्याच्या थोरल्या भावाला विचारून तिनं इथलंच बाटलीभर पाणी नेलं होतं. त्यात शेवाळाचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि प्रयोगशाळेत दोन दिवसांत मेलाही. तिचं सगळं संशोधन त्याच्यावर अडलं होतं.

"एवढं काय व्हतं त्याच्यात?" गोरखचा चेहरा आता पार उतरला.

वृषाली काठावरच बसली. "फार फार पूर्वी एका पेशीनं एका निळ्या-हिरव्या जिवाला गिळलं. पण पचवलं नाही. तो आतच राहिला, उन्हावर अन्न शिजवून त्या घराला घालू लागला. झाडं, गवत, तुमची द्राक्षं... सगळी त्या घराण्यातली. आणि तुमच्या तळ्यातल्या शेवाळात तो पाहुणा अजून जुन्याच रूपात दिसतो."

"म्हंजी घरजावईच की!"

ती खळखळून हसली. आणि हसता हसता तिनं नजर पाण्याकडे वळवली.

अवसरी बुद्रुकला ती आणि तिचे वडील, दादा. आई गेल्यापासून बापलेकीचंच घर. दादांना सोडून मी जाणार नाही, हे ती प्रत्येक स्थळाला आधीच सांगायची. मग पाहुणे घरजावई या शब्दावर नाक मुरडत चहाचा कप खाली ठेवायचे. आताशा कुणी आवडूच नये, असंच तिनं ठरवून टाकलं होतं.

"काय झालं? काही चुकलं का माझं?" गोरखनं हळूच विचारलं.

"काही नाही हो..." म्हणत तिनं सगळं सांगूनही टाकलं. का, ते तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोरख तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या घेऊन हजर! कधी ओढ्याचं पाणी, कधी भातखाचरातलं, कधी ठिबकचा फिल्टर धुतलेलं. प्रत्येक थेंबात नवं बिऱ्हाड निघायचं. कुणी चंद्रकोरीसारखं, कुणी हिरव्या साखळीसारखं, कुणी शेपूट हलवत पळणारं. पण तिला हवं ते काही निघेना. तरी बाटली आली की वृषालीचं काळीज उगाच धडधडायचं. ते शेवाळासाठी नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी त्यानं गोठ्यातल्या वापरात नसलेल्या दगडी डोणीतलं पाणी आणलं. डोण आधीच कधीतरी तळ्यातून भरलेली होती, त्यामुळे तिथं मोरचूद पोचला नव्हता. वृषालीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडलीच, "सापडला! अहो, बघा, बघा ना!"

तो वाकला. त्याचा ओला खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही.

"निळा-हिरवा तारा दिसतूय."

"तोच तो. इतकी वर्षं त्या घरात राहतोय, पण त्याचा रंग बघा, त्याचं जुनं आवरण बघा... अजून जपून ठेवलंय."

"म्हंजी घरजावई झालं तरी मानूस आपला आपन राहतो."

"राहतो... घर चांगलं असलं तर."

गोरख सरळ उभा राहिला. कानाची पाळी लालबुंद. "अवसरीला... दादांच्या शेतात ठिबक हाय का?"

"नाही. का हो?"

"बसवाया कुनीतरी लागंल ना... इथलं थोरला भाऊ बघतोय. आन् मला... मला तुमी लई आवडता. घराचं काय, मी येतो की तिकडं!"

वृषालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही.

"रविवारी या," ती म्हणाली. "दादा वाट बघतील. मीसुद्धा... पण तेवढा मोरचूद घरीच ठेवून या!"