कार्डाचा भाव उतरेपर्यंत

मी त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती खिडकीचं माप घ्यायला. मी पडद्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाकडे जायचं, टेप लावायची, कापडाचे नमुने दाखवायचे आणि 'ताई, हा रंग विटणार नाही ना?' याला न हसता उत्तर द्यायचं. त्या दुपारी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानातून फोन आला होता, की खिडकी पश्चिमेची आहे, ऊन थेट मालावर येतं. बाहेर पावसाची भुरभुर, उन्हाचा पत्ता नाही, आणि मी ओल्या चपलांनी जिना चढत त्या उन्हाला शिव्या देत होते.

आत नुसते डबेच डबे. डब्यांमागून एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, ओठांत धरलेले दोन-चार स्क्रू. त्याने भुवईनेच खिडकी दाखवली. मी स्टुलावर चढले, टेप ताणली... आणि माप विसरले. खाली टेबलावरच्या स्क्रीनवर एक बस चालली होती. वायपर हलत होते, आरशात मागचा रस्ता दिसत होता. कोणाचं तरी मशीन तो गेम लावून तपासत होता.

हे घरी चालवता येतं का, असं मी वरूनच विचारलं. त्याने स्क्रू हातात काढले.

"येतं की. पण आधी खाली उतरा. त्या स्टुलाचा एक पाय मी कधीपासून दुरुस्त करणार आहे."

मी उतरले. तोही स्टूल धरायला पुढे आला होता, त्यामुळे उतरताना जरा गोंधळ झाला. तो इतका लाजला, की माप पुन्हा घ्यावं लागलं.

माझे बाबा जन्मभर बस चालवत होते. मग त्यांचे डोळे कडेकडेने अंधारत गेले. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, नजर हळूहळू जाईल, पण गेलेली परत येणार नाही. नोकरी सुटली. तेव्हापासून बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून गाडी गेली की ती कितव्या गिअरमध्ये आहे ते सांगायचे. आई आधी ऐकायला यायची, मग आतूनच 'हो का' म्हणायला लागली. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर बाबांनी एकदा पुन्हा स्टिअरिंग धरून रस्ता बघावा, एवढंच मला हवं होतं. डोळ्यांचं मात्र बाहेर बोलायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. कोणी कीव केलेली त्यांना खपायची नाही. म्हणून दुकानात मी इतकंच सांगितलं, की वडील बस चालवायचे, आता घरी कंटाळतात.

माझं बजेट ऐकून तो हसला नाही. हे मला फार आवडलं. चष्मा पुसून म्हणाला, जमवू, पण जरा दमाने घ्यावं लागेल, दर पगाराला एकेक भाग.

पडदा लागला आणि माझे शनिवार सुरू झाले. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवत बसायचा म्हणून मी त्याला मास्तर म्हणायचे. तो मला 'पडदे' म्हणायचा. "काय पडदे, आज काय न्यायचं?" माणसाला कोणी 'पडदे' म्हणून हाक मारली तर राग यायला हवा. मला येत नव्हता, यातच काय ते आलं.

पहिल्या वेळी मदरबोर्ड घेतला. प्रोसेसर त्याने स्वस्तातला सुचवला. हुशार आहे, म्हणाला, पण याला स्वतःला स्क्रीनवर काही दाखवता येत नाही, त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं लागेल, ते शेवटी घेऊ. पॉवर सप्लायला हात आखडायचा नाही, तो बिघडला तर सगळ्यांना घेऊन जातो. कॅबिनेट निवडताना मी रंगीत दिव्यांच्या एका डब्यावर अडून बसले. तो म्हणाला, दिव्यांचे पैसे कार्डात घाला.

"म्हणजे मी शोभेचं काही घ्यायचंच नाही का?"

"घ्या ना. पण..." तो डबा उगाच सरळ करत राहिला. "दुकानात शनिवारी जेवढी शोभा येते तेवढी मला पुरते."

त्याचे कान लाल झाले. मी काळा, बिनदिव्यांचा कॅबिनेट मुकाट्याने घरी नेला.

रॅमच्या वेळी एक मोठी पट्टी घ्यायची की दोन लहान, यावर बराच खल झाला. दोन घे, तो म्हणाला, जोडीने चालल्या की वेग येतो.

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतोस?"

"जोडीचं सगळ्यांना सांगतो."

"असं बघत?"

"नाही... असं बघत नाही."

तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंच नाही. बहुधा प्रोसेसर आणि रॅमच्या मध्ये कुठेतरी.

प्रत्येक डबा मी घरी न्यायचे, कारण बाबांना तो स्वतःच्या हातांनी उघडायचा असायचा. प्रोसेसर थंड ठेवायच्या पंख्याच्या पात्यांवरून ते अंगठा फिरवत बसले होते. मी विचारायचे, दिसतंय ना नीट? ते म्हणायचे, चकाचक.

राहिलं कार्ड. नवीन मॉडेल येतंय, जुन्याचा भाव उतरेल, थांबू या, असं त्याचं म्हणणं. भाव थोडा उतरला की मी पर्समध्ये हात घालायचे आणि तो म्हणायचा, अजून उतरेल. मला कुठे घाई होती? बाबांचं चकाचक चाललेलं. उलट भाव लवकर उतरू नये असंच मला वाटायला लागलं होतं. एका शनिवारी तो एका कॉलेजच्या पोरीला बजावत होता, सगळं एकदम घ्या, इथेच जोडून बघा, बोर्ड मेलेला निघाला तर आठवड्यात बदलून मिळतो, नंतर कंपनीकडे खेटे घालावे लागतात. मी शेजारी बसून त्या पोरीकडे बघत मान डोलावत होते. दुकान जसं काही माझंच.

शेवटी भाव उतरला. कार्ड घेतलं, घरचे सगळे डबे दुकानात आणले. तो जोडत गेला आणि मी त्याच्या तळहातावर एकेक स्क्रू ठेवत गेले. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच.

त्याने कार्ड बदललं, रॅम बदलली, केबल बदलली. मग हात पुसले.

बोर्ड मेलेला होता. पहिल्याच वेळी घेतलेला. तो पहिल्या दिवसापासूनच मेलेला असणार, पण कार्ड आल्याशिवाय कळणार कसं? बदलून द्यायची मुदत केव्हाच उलटली होती.

"तू सगळ्यांना सांगतोस, एकदम घ्या, इथेच जोडून बघा," मी म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

तो मेलेल्या बोर्डाकडे बघत होता. "वापरलेलं कार्ड घातलं असतं तर पहिल्याच दिवशी तुझ्या पैशांत सगळं बसत होतं. तसं कार्ड होतंही माझ्याकडे."

"मग?"

"मग तू परत कशाला आली असतीस?"

मला हसू आवरेना म्हणून खिडकीशी जाऊन माझाच पडदा नीट करत उभी राहिले. माझ्यासाठी कोणीतरी एवढा खोटेपणा केला होता, आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याने स्वतःच्या मशीनमधला बोर्ड काढून माझ्या कॅबिनेटमध्ये बसवला. यावेळी स्क्रीन उजळली. घरी चल म्हटलं तर म्हणाला, बाबा पहिल्यांदा बसतील तेव्हा घरचीच माणसं असू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाला गेमसाठी आणलेलं स्टिअरिंग लावलं. बाबांनी शर्ट बदलला होता, केस विंचरले होते. इंजिनाचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की आई हातातलं काम टाकून बाहेर आली. गिअर पडला, बस निघाली आणि सरळ भिंतीवर गेली.

मी हसले. पुन्हा सुरू केली. पुन्हा भिंत. बाबा मान डावीकडे, उजवीकडे वळवत होते, जमिनीवर पडलेलं काही शोधावं तसे. माझं हसू तिथेच विरलं.

"बाबा, दिसतंय ना?"

"आवाज फार छान आहे गं," ते म्हणाले.

कधीपासून, असं विचारलं तर सांगेनात. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, तू पंखा आणलास तेव्हा थोडं दिसत होतं. कार्डाचं थांबलं होतं ना, त्या दिवसांत गेलं.

"सांगितलं का नाही? मी कुठूनही आणलं असतं. वापरलेलं आणलं असतं..." तो शब्द तोंडातून गेला आणि मला पुढे बोलवेना.

बाबा स्टिअरिंगवरून हात फिरवत होते. "शनिवारी तू गाणं म्हणत घरी यायचीस. लहानपणानंतर कधी म्हटलं नव्हतंस. कार्ड आलं की ते बंद होईल असं मला वाटलं. म्हटलं, लागू दे वेळ."

मी दुकानात कशी पोचले ते आठवत नाही. वाटेत सगळं ठरवलं होतं. तुझं तोंड बघायचं नाही, संपलं सगळं, असं सांगायचं आणि उतरायचं. त्याला मी डोळ्यांचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, गाण्याचंही सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"मला माहीत असतं तर..."

"नव्हतंच माहीत. कोणीच कोणाला काही सांगितलं नाही." मला रडू येत होतं आणि रागही. "ते शनिवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, कळलं? आणि तेवढ्याच दिवसांत बाबांचे डोळे गेले. आता मी काय करू त्यांचं?"

तो काहीच म्हणाला नाही. बरं केलं. एक शब्द जरी बोलला असता तरी मी निघून गेले असते.

"मी तोडायला आले होते," मी म्हणाले. "पण तोडलं तर बाबांनी सोसलेलं सगळंच वाया जाईल. मला तू हवा आहेस. हे असं, नाक पुसत सांगायचं नव्हतं मला."

त्याने दुकानाचं शटर ओढलं. जिन्यात माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

बाबा अजून मशीनपुढेच होते. मास्तर आलेत म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला, जरा चुकीच्या बाजूला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला.

"काका, मी..."

"सगळं ऐकलंय तुमच्याबद्दल," बाबांनी त्याला बोलूच दिलं नाही. "आवाज काय बसवलाय. अगदी माझ्या गाडीचा. आणि स्वतःच्या मशीनचा भाग काढून दिलात म्हणे. आता तुमचं कसं?"

"घेईन काका. भाव..." तो मध्येच थांबला.

बाबा त्याचा हात सोडत नव्हते. बोटं चाचपत होते, डबे चाचपायचे तशी. मग त्यांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं.

"कसा दिसतो गं?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी बघितलं त्याच्याकडे. इतके शनिवार बघितलं होतं, तरी कुठून सुरुवात करावी कळेना.

"केस विंचरत नाही," मी म्हणाले. "चष्मा सारखा घसरतो, तो वर करायचं त्याच्या लक्षात राहत नाही. सावळा आहे. उंच आहे, पण वाकून उभा राहतो. हसला की आधी कान हसतात."

"आणि आत्ता? हसतोय का?"

"नाही बाबा... रडतोय."

बाबांनी शेजारची खुर्ची हाताने शोधून त्याच्यासाठी पुढे ओढली.

"मग उभी काय राहिलीस," ते मला म्हणाले. "पाणी आण त्याच्यासाठी."