उडत्या डोलीचं बक्कल

आधी एक कोडं. जितकं जोरात ओढाल तितकी जास्त घट्ट होणारी पकड कोणती? उत्तर रोज माझ्याच पायात असायचं, आणि तरी परवा सकाळपर्यंत मला ते सुचलं नव्हतं!

आमची धारवाडी डोंगराच्या पार टोकावर. गाडीरस्ता नाही. आजारी माणसाला अजूनही डोलीत घालून चौघं जण खांद्यावरून खाली नेतात. म्हणून माझ्या आजोबांनी उडती डोली बनवली. वर ड्रोन, खाली पट्ट्यांवर लटकणारी झोळी. परवा आरोग्य खात्याच्या भोईर मॅडम शेवटची चाचणी घ्यायला आल्या होत्या. पास झाली तर डोली वाडीला मिळणार, नाहीतर भंगारात. आणि माझ्या सुमनकाकूला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे!

झोळीत बटाट्यांचं पोतं ठेवलं. ड्रोन वर उडालं, वाऱ्याचा झटका बसला आणि सर्रर्र! बक्कलातून पट्टा सरकला. बटाटे उतारावरून पळत सुटले.

"मी नाही बाई यात बसायची," काकू म्हणाली. "त्यापेक्षा चालत जाईन."

"खटक्या, अजून आवळ रे!" आजोबा ओरडले.

खटक्या म्हणजे आमचा यंत्रमानव. "बक्कलाचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला आहे, आजोबा. आता माझं मनगट तुटेल, आणि त्याची वॉरंटी संपली आहे."

"मग सरळ गाठ मारा ना," मी म्हटलं.

"आणि पेशंट उतरवताना ती सोडवत बसू?" मॅडम म्हणाल्या. "झटक्यात सुटायला हवं, बाळा. बॅटरी चार्ज होईतो थांबते मी. मग निघाले."

आजोबा मटकन दगडावर बसले. "हे बघ ओजू, पट्ट्याला धरून ठेवतं ते घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर सरकताना होणारा विरोध). जेवढा दाब, तेवढं घर्षण. स्क्रूचा दाब ठरलेला. झटक्यानं ओढ वाढली, पण दाब होता तेवढाच राहिला. सुटला पट्टा."

"म्हणजे ओढीबरोबर दाबही वाढायला हवा?" मी विचारलं, आणि एकदम किंचाळले, "आजोबा! माझी आढी!"

मी दोरीचा मल्लखांब करते. दोरीला गाठ मारायची नाही, हा आमचा नियम. दोरी पायाभोवती फिरवून अंगठ्याच्या बेचक्यात धरायची, तीच आढी. सर नेहमी म्हणतात, घाबरू नकोस, सोड स्वतःला. कारण आपलंच वजन दोरीला ओढतं, आणि ती ओढच आढी आवळते!

"वा! पण बक्कलाला पाय कुठून आणायचा?" आजोबांचे डोळे चमकले.

मी बटाट्याची गोल चकती कापली. तिच्यात केसांची पिन खुपसली, पण मधोमध नाही, एका कडेला. चकती फिरवली तर पिनेपासून तिची कड कधी जवळ, कधी लांब.

"उत्केंद्री चाक!" आजोबा उठलेच. (आस मधोमध नसलेलं चाक.) "पट्ट्याशेजारी हे बसवायचं. पट्टा ओढला की तो चाकाला सोबत फिरवणार, चाकाची लांबची कड पट्ट्यात रुतणार. जास्त ओढ, जास्त दाब! आणि सोडवायला चाकाला एक दांडी. खटक्या, चाकाला दातेही काढ!"

खटक्याच्या पोटातल्या थ्री-डी छपाईयंत्रातून गरमागरम धातूचं बक्कल बाहेर पडलं. ड्रोन चार्जिंगसाठी उंच खांबावर टांगलेलं होतं. मी खांबावरून सोडलेल्या दोरीवर चढले, आढी घातली, उलटी लटकले आणि ऐटीत बक्कल बसवलं. खाली येऊन पट्टा ओढला.

सर्रर्र!

माझं तोंड एवढंसं झालं. ओढल्यावर चाक रुतायच्या ऐवजी उघडतच होतं.

"एक निरीक्षण नोंदवू?" खटक्या म्हणाला. "तू उलटी होतीस. म्हणून बक्कलही उलटं आहे."

काकूसुद्धा खो खो हसली. मी पुन्हा वर चढले, पण या वेळी सरळ! बक्कल फिरवून बसवलं.

बॅटरी भरली. दोन पोती चढवली. ड्रोन वर उडालं. पट्टा ताणला गेला, वाऱ्यानं झोळी गदगदा हलवली, आणि पट्टा? जागचा हलला नाही! प्रत्येक झटक्याला बक्कल त्याला आणखी घट्ट धरत होतं. दरीवर एक चक्कर मारून डोली अलगद उतरली. मॅडमनी अंगठ्यानं दांडी दाबली. टक! पट्टा मोकळा.

"पास," त्या म्हणाल्या, "आणि असलीच डोली मला पलीकडच्या वाड्यांनाही हवी."

आजोबांनी मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून खटक्यानं उचललं. वरून मला पलीकडचे डोंगर दिसत होते, आणि त्यांच्यावरचं सगळं आकाश डोल्यांनी भरलेलं मला आत्ताच दिसायला लागलं होतं.

सुमनकाकू मात्र थेट डोलीपाशी गेली. पट्टा हाताला गुंडाळला आणि दात-ओठ खाऊन ओढला. मग आणखी जोरात. बक्कल ढिम्म.

तिनं पोटावर हात ठेवला.

"चल बाळा," ती हळूच म्हणाली, "आपण उडतच जाऊ."