उभ्या बसचं तेल

तेल तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्याला पाठीमागे सर्वज्ञ म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. इंजिनातून काढलेलं काळं तेल यंत्रात घालायचं, लोखंडाचा कीस किती, काजळी किती, पाणी शिरलंय का ते पाहायचं आणि तेल अजून चालेल की बदलायचं ते सांगायचं, एवढंच काम. पण त्यावरून गाडीमालकाची अक्कलही मोजता येते असं त्याचं मत होतं, आणि आजवर एकाचीही पुरेशी भरली नव्हती.

त्यात बायकोचा धाकटा भाऊ म्हणजे तर सगळा आनंदच. एक जुनी बस घेऊन सहली नेणारा हा प्राणी स्वतःला उद्योजक समजत असे. दुपारी तो बाटली घेऊन आला.

"भाऊजी, जरा बघता का? नवं तेल घातल्यापासून बस शेडमधून हललेली नाही. आज तेल बघायची डिपस्टिक काढली तर हे असं काळंकुट्ट."

सर्वज्ञाने तपासलं. काजळी, लोखंड, सगळं हजारो किलोमीटर पळालेल्या तेलासारखं.

"उभी होती म्हणे! तुझा ड्रायव्हर तुझ्या डोळ्यांत धूळ फेकून भाडी मारतोय, आणि तू बसलायस माशा मारत."

"तो गावाला गेलाय. चावी माझ्या खिशात. आणि बॅटरी तर मी काढूनच ठेवली होती."

"मग भुताने फिरवली असेल. त्याच्याकडून भाडं घे."

मेहुणा हसला नाही. "रविवारी ताई आणि चिंगी येणारेत माझ्याबरोबर, डोंगरावर. नेऊ ना?"

"तेलात पाणी नाही, बेअरिंग झिजल्याचं शिसं नाही. इंजिन ठणठणीत आहे. तेल बदल, ड्रायव्हर बदल आणि जा. उगाच डोकं खाऊ नकोस."

रविवारी बायको आणि मुलगी गेल्या. सहलीतली गाणी ऐकण्यापेक्षा सर्वज्ञाला रिकामी प्रयोगशाळा परवडली. फळीवरून मेहुण्याची उरलेल्या तेलाची बाटली उचलली, तर ती कोमट लागली. कुणा गाढवाने हीटरजवळ ठेवली असणार. पण हीटर कपाटात होता.

त्याने तेल पुन्हा तपासलं. लोखंड वाढलं होतं. यंत्राला शिव्या घालून त्याने आकडे आधीच ठाऊक असलेलं नमुन्याचं तेल लावून पाहिलं. यंत्र अचूक होतं.

बाटली आता चांगलीच गरम होती. तेलावर बारीक वलयं उठत होती, चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यात उठतात तशी. शेजारच्या बाटल्या निवांत होत्या.

त्याने बायकोला फोन लावला.

"बस बरी चाललीय ना?"

"लोण्यासारखी. आज कशी काय आमची आठवण झाली तुम्हाला?"

स्वतःच्या मूर्खपणाची त्याला चीड आली. तेवढ्यात वलयं थांबली.

"आत्ता काय झालं?"

"काय व्हायचंय? घाटमाथा आला. याने गाडी बंद केली. चहाला उतरतोय सगळे."

म्हणजे बस चालते तेव्हा हे हलतं. कशामुळे ते सोमवारी शोधू. तो खुर्चीत टेकला. फोनवर कपबश्यांचा आवाज येत होता.

बाटली पुन्हा थरथरू लागली.

"एवढ्यात गाडी चालू का केली?" तो ओरडला.

"कुणी केली? हा माझ्या शेजारी उभा आहे. चावी बोटात फिरवतोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला हिणवावंसं वाटलं नाही.

"चिंगी कुठाय?"

"झोपलीय मागच्या सीटवर. म्हटलं, कशाला उठवा."

"तिला उतरव. आधी तिला उतरव!"

"अहो, पण झालंय काय?"

टेबल सपाट होतं. बाटलीही सरळ उभी होती. आतलं तेल मात्र हळूहळू एका बाजूला कलत होतं, गाडी उताराला लागल्यावर कलतं तसं.