चौथीत क्ष नसतो

त्या गुरुवारी तैवानमधल्या जियायी गावात लो सरांच्या घरच्या गृहपाठवर्गात नेहमीसारखाच गलका होता. भाषा-इतिहासातलं अडलं की मुलं पेइलिंगकडे येत. गणित-विज्ञान तिच्या बाबांकडे, म्हणजे लो सरांकडे. भाचीला न्यायला आलेला एक उंच तरुण काखेत हेल्मेट धरून तिच्या वहीवर वाकला आणि डोकी आणि पाय सांगून कोंबड्या किती, ससे किती विचारणारं गणित क्ष धरून सोडवून मोकळा झाला.

"अहो, हे काय केलंत?" पेइलिंगने वही ओढली. "चौथीत क्ष नसतो! शाळेत चूक देतील."

"उत्तर बरोबर आहे की!"

"उत्तराला कोण विचारतं? सगळे ससे मागच्या पायांवर उभे करायचे, आणि वर उचललेले पाय मोजायचे."

त्याने दोन्ही हात छातीशी घेतले. "असे?"

मुलं खिदळली. बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "ससा बरा आहे, ठेवून घे." पेइलिंगचे कान तापले.

दुसऱ्या सकाळी सोयाबीनचं दूध आणायला गेलेले बाबा बाजारातच कोसळले आणि गेले.

वर्ग पुन्हा उघडला तेव्हा गणिताच्या वह्या घेऊन मुलं नुसती उभी राहिली. दोन दिवसांनी तो तरुण, झूहाव, आपणहून आला. बाबांच्या खुर्चीत बसला नाही. शेजारी स्टूल ओढून घेतलं आणि गणितं शिकवू लागला. तेव्हाच काहीतरी तिच्या ओठांशी आलं होतं... आणि रोज येऊन परत फिरत होतं.

आज त्याचा शेवटचा दिवस. दूर शिनचू शहरातल्या कारखान्यात नोकरी, सहाची गाडी. साडेपाच वाजले होते.

"सहावीपर्यंतच्या रीती लिहून ठेवल्यात," तो म्हणाला. "तुमचं अडणार नाही."

"अडेल... म्हणजे —"

"बाई, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

"तीन," दोघं एकदमच म्हणाले.

"म्हणजे काय?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणजे, तुम्ही —"

"बाई, चिंग राजवट कधी संपली?"

"एकोणीसशे बारा!" ती ओरडलीच. मुलगी चपापून मागे सरली.

झूहाव हसला. बॅग खांद्यावर घेतली. "सगळ्यांना पटापट उत्तरं देता. मी एक विचारू?"

"विचारा."

"मी का जाऊ नये?"

त्या सकाळी बाबा दारातून 'येतो गं' म्हणाले, तेव्हा तिने वह्यांतून मान वर केली नव्हती. तसा काय, पुढे आख्खा दिवस पडला होता...

तो दाराकडे वळला.

"कारण मला तुम्ही हवे आहात." आवाज एवढा मोठा निघाला की वह्यांवरच्या सगळ्या माना वर झाल्या. "बाबांना हे एकदाही म्हणाले नाही मी. तुम्हाला म्हणतेय, सगळ्यांसमोर... मला तुम्ही हवे आहात, झूहाव. जाऊ नका."