आत आलेली हवा

शपथा वाहायची मला खोड नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण मुरुडच्या त्या घरात एकदा जाऊन आल्याशिवाय मला खोटारडा म्हणू नका.

गोष्ट माझ्या मावसबहिणीची, मनालीची. गेल्या नारळी पौर्णिमेची. आणि रात्रीची नाही हं... भर दुपारी तीनची.

मनालीचा थोरला भाऊ परेश. त्याला एकच वेड होतं, स्वतःच्या हाताने गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा. फार महागातला नाही, साठ-सत्तर हजारांत बसेल असा. वहीत यादी तयार होती. सहा कोरचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. खाली त्याचे शेरे. "रंगीत दिव्यांवर पैसे उडवायचे नाहीत. पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको." आणि पंख्यांचं चित्र काढून त्याखाली दोन रेघा मारून लिहिलेलं, "आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवायचीच. नाहीतर सगळं गुदमरतं."

दोन वर्षांपूर्वी परेश मासेमारीच्या बोटीवर गेला. बाकीचे परत आले. तो नाही आला.

देहसुद्धा मिळाला नाही.

जाताना मनालीला म्हणाला होता, "आलो की दोघं मिळून जोडू." तेच तिच्या जिवाला लागून राहिलं. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून मिळणाऱ्या पगारातून तिने यादीतला एकेक भाग घेतला. दादाचं एवढं एक काम तरी पुरं करायचं, बस.

आता त्या घरची रीत ऐका. माणूस दर्यावर असेल तोवर समुद्राकडची खिडकी लावायची नाही. परेश तर आलाच नव्हता. म्हणून केसरमावशीने, म्हणजे त्याच्या आईने, दोन वर्षं ती खिडकी कुणाला लावू दिली नाही. पाऊस घरात आला तरी नाही. चार जाणते सांगायला आले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, पोराला वाट मोकळी होईल. मावशीने त्यांना दारातूनच पिटाळलं. "जित्या मानसाची क्रिया करता? लाज न्हाय वाटत?"

त्या दुपारी अख्खा कोळीवाडा नारळ घेऊन बंदरावर गेलेला. मावशीही गेली. घरात मनाली एकटी.

तिने खोके उघडले आणि तिच्या मनात आलं, ही खारी हवा. मदरबोर्डाला लागली की हिरवा गंज चढलाच म्हणून समजा. दोन तासांचा तर प्रश्न. आईला कळणारही नाही.

ती खिडकीशी गेली. एक गार, ओली झुळूक तिच्या कानाला घासून आत शिरली...

तिने खिडकी ओढली. खिट्टी लावली.

अहो, तिथेच घात झाला.

मनाली जोडायला बसली. प्रोसेसर, त्यावर कूलर, मग रॅम. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, कार्ड लावलं, वायरी ओढल्या, वर काच चढवली. बाहेर बँजो जोरात वाजत होता. तिने बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

पुन्हा दाबलं. काळी. वायरी तपासल्या, तरी काळीच. ती रडकुंडीला आली.

"दादा, काय चुकलं रे माझं?"

खट्...

आवाज कॅबिनेटच्या आतून आला. काच बंद होती. रॅमची एक पट्टी कोपऱ्यात उचललेली राहिली होती, ती आता घट्ट बसली होती. स्क्रीन उजळली.

ती हसली हो, वेडी! टाळी वाजवून हसली. आणि मग तिच्या लक्षात आलं...

बँजो ऐकू येत नव्हता.

समुद्रही ऐकू येत नव्हता. त्या घरात तो झोपेतसुद्धा ऐकू येतो.

काचेवर वाफ धरली होती. आतून. खोलीत ओल्या जाळ्याचा वास सुटला होता. मनालीने टिश्यू पेपर पुढच्या पंख्याशी धरला. तिथे हवा आत खेचली जायला हवी. कागद बाहेर उडाला. मागच्या पंख्याशी धरला. बाहेर. तिन्ही पंखे हवा बाहेरच फेकत होते, आणि प्रत्येक वेळी कागद जाऊन पडत होता तो खिडकीखाली.

टक्... टक्...

खिडकी वाजत होती. आतल्या बाजूने. तिथे कुणीच नव्हतं.

तिने दाराकडे धाव घेतली. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी हलेना. खिडकीच्या खिट्टीला हात घातला, तीही जागची सुटेना. श्वास पुरेना. लादीवर टेबलापासून खिडकीपर्यंत ओली पावलं उमटली होती. डाव्या पायाला चारच बोटं. परेशची त्याच पायाची करंगळी बोटीच्या दोरात तुटली होती.

तेव्हा तिला कळलं. तो आला होता. आणि तिने त्याला आत कोंडलं होतं.

ती दारावर मुठी आपटत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. दार उघडलं ते मावशीने, बाहेरून, एका बोटाने.

"आई, खिडकी उघड! माझ्याने उघडत नाही. दादाला जायचंय गं!"

मावशीने लादीवरची पावलं पाहिली. खाली बसली. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

मग ती उठली. बोटीचा हातोडा आणला, आणि खिळे.

"दोन वर्सांनी पोर घरा आयलाय माजा," ती म्हणाली. "आता जाव देव त्याला?"

आणि तिने खिडकी ठोकून टाकली.

मनाली आता अलिबागला राहते. फोनवर मला एवढंच विचारते, "उघडली का रे?"

दिवाळीत मी मावशीकडे गेलो. मशीन चालूच. बंद करत नाही ती. शेजारी भात आणि बांगड्याचं कालवण वाढलेलं. खिडकीवर टक् टक् झालं. मावशी कौतुकाने म्हणाली, "गेम खेलतोय."

माझ्या खिशात बसचं तिकीट होतं. मावशीची पाठ वळल्यावर मी ते पंख्याशी धरलं. उडून ते उंबऱ्यापाशी पडलं. खोलीचं दार सताड उघडं होतं. मीच उघडं ठेवलं होतं.

"दार लाव रे!" मावशी ओरडली.

तिचे ते डोळे... मला नाही म्हणवलं नाही. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

पाठोपाठ दारावर आतून... टक्. टक्.

खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. जणू कुणी बसून वाजवत होतं. दमून.